स्क्रूच्या कारखान्यातून नगरभवनात

व्यापारी माणूस नगरपालिकेत शिरला की आपण लगेच त्याच्या हेतूविषयी शंका घेतो. पुष्कळदा ती शंका खरीही ठरते. म्हणूनच इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहराचे महापौर जोसेफ चेंबरलेन यांचे चरित्र आपल्यापुढे ठेवावेसे वाटते.

त्यांचा जन्म १८३६ साली लंडनमध्ये झाला. घराणे युनिटेरियन पंथाचे. हा पंथ ईश्वर एकच मानतो आणि त्रैक्याचा सिद्धांत नाकारतो. इंग्लंडच्या कायद्याने या लोकांना १८१३ पर्यंत उघड मान्यताच दिली नव्हती. पुढेही कितीतरी वर्षे ऑक्सफर्ड व केंब्रिजची दारे त्यांना पुरती उघडली नाहीत. अशा लहानशा समाजाने मग काय केले? व्यापार-उद्योगात जम बसवला आणि मुलांच्या शिक्षणाला जपले. जोसेफ मात्र सोळाव्या वर्षीच शाळेतून बाहेर पडले. विद्यापीठाची पायरी त्यांनी विद्यार्थी म्हणून कधी चढली नाही.

१८५४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, वडिलांनी त्यांना बर्मिंगहॅमला धाडले. तेथे नेटलफोल्ड या नातलगांचा लाकडी कामाचे स्क्रू बनवण्याचा धंदा होता. अणकुचीदार टोकाचे स्क्रू आपोआप बनवणाऱ्या अमेरिकन यंत्राचे हक्क या मंडळींनी तीस हजार पौंडांना विकत घेतले होते, व त्यातील दहा हजार चेंबरलेनच्या वडिलांचे होते. तरुण जोसेफने हिशेब आणि विक्री हाती घेतली. पुढे इंग्लंडात तयार होणाऱ्या स्क्रूंपैकी दोन तृतीयांश माल या एका पेढीतून निघू लागला. लहान कारखानदारांना त्यांच्यापुढे टिकाव धरणे कठीण गेले, हेही सांगितले पाहिजे. धंद्यातली त्यांची पकड मऊ नव्हती.

पण हेच गृहस्थ रविवारच्या आणि रात्रीच्या वर्गांत कामगारांना शिकवीत असत! सार्वजनिक जीवनात ते आले तेही शिक्षणाच्याच दाराने. १८६९ साली बर्मिंगहॅममध्ये राष्ट्रीय शिक्षण संघ निघाला, त्याच्या प्रमुखांपैकी ते एक होते. प्राथमिक शिक्षण मोफत असावे, सक्तीचे असावे आणि कोणत्याही एका पंथाच्या ताब्यात नसावे, ही त्या संघाची मागणी. १८७० च्या शिक्षण कायद्याने त्यांचे समाधान झाले नाही. गरीब मुलांची फी लोकांच्या करातून चर्चच्या शाळांना द्यावी, या तरतुदीविरुद्ध त्यांनी मोठे रान उठवले. फी बहुतांशी उठली ती १८९१ मध्ये, म्हणजे तब्बल वीस वर्षांनी.

१८६९ मध्येच ते नगरसेवक झाले आणि १८७३ च्या नोव्हेंबरात महापौर. त्यापूर्वीच्या एका पिढीत त्या नगरपालिकेचा कारभार असा होता, की काटकसरवादी नगरसेवक एका मद्यगृहात बसून सभेचे निर्णय ठरवीत, आणि कर वाढू न देणे हेच त्यांना लोकहित वाटे. जॉर्ज डॉसन व आर. डब्ल्यू. डेल या धर्मोपदेशकांनी मात्र, नगराची सेवा हेही धर्माचेच काम आहे, असे व्यासपीठावरून सांगून श्रीमंत व्यापाऱ्यांना जागे केले. त्यांचे ऐकणाऱ्यांत चेंबरलेन होते. १८७४ साली त्यांनी धंद्यातील आपला भाग विकला आणि अडतिसाव्या वर्षी व्यापार सोडून दिला.

शहराची दशा काय होती, पाहा. निम्मी वस्ती विहिरीचे पाणी पीत होती आणि कित्येक विहिरींत सांडपाणी झिरपत होते. नळाला पाणी आठवड्यातून तीनच दिवस. दिव्यांचा गॅस दोन खाजगी कंपन्यांच्या हाती. चेंबरलेननी दोन्ही गॅस कंपन्या १९,५३,०५० पौंडांना शहरासाठी विकत घेतल्या. विरोधकांना कर्जाचा आकडा पाहून घाम फुटला. पण व्यापाऱ्याचा हिशेब पक्का होता, पहिल्याच वर्षी ३४,००० पौंड नफा झाला. पाठोपाठ साडेतेरा लाखांना पाण्याची कंपनी घेतली. येथे मात्र त्यांनी निराळा न्याय लावला. गॅसवर शहराने नफा मिळवावा, पाण्यावर मिळवू नये. जे उरेल त्यातून पाण्याचा दर उतरवावा. नफा कोठे घ्यावा हे सर्वच व्यापाऱ्यांना कळते. कोठे घेऊ नये हे ज्याला कळते तो विरळा.

तिसरे काम गलिच्छ वस्त्यांचे. १८७५ च्या कायद्याचा आधार घेऊन मध्यवस्तीतील सुमारे पन्नास एकर जागा घेण्याची योजना त्यांनी आखली, स्वतःचे दहा हजार पौंडही त्यात घातले. पुढे तेथून कॉर्पोरेशन स्ट्रीट हा रुंद रस्ता निघाला. दुतर्फाच्या जागा विकल्या नाहीत, ७५ वर्षांच्या पट्ट्याने दिल्या, म्हणजे मालकी शहराचीच राहिली. परंतु वाचकहो, रस्त्यावर भव्य दुकाने उभी राहिली आणि जुन्या खोल्यांतून उठलेल्या कामगारांसाठी घरे अगदी थोडी झाली. बहुतेक गरीब शेजारच्या दाटीत जाऊन पडले. आरंभ ज्यांच्या नावाने झाला, त्यांनाच त्याचा लाभ सर्वांत कमी मिळाला.

१८७६ मध्ये ते पार्लमेंटात गेले. तेथील चेंबरलेन आपल्याला आवडतीलच असे नाही. १८८६ मध्ये त्यांनी आयर्लंडच्या स्वराज्याला विरोध करून आपला पक्ष फोडला. १८९५ पासून वसाहत मंत्री म्हणून साम्राज्याचा झेंडा मिरवला आणि बोअर युद्धाचा भार माथी घेतला. नगरातला लोकसेवक आणि साम्राज्याचा मंत्री ही एकाच माणसाची दोन रूपे आहेत. १९१४ मध्ये ते वारले.

शेवटी आपल्या विषयाकडे, म्हणजे विद्येकडे येऊ. पोलादी टाकाची निबे बनवून धनवान झालेल्या जोसाया मेसन यांनी बर्मिंगहॅममध्ये विज्ञानाचे कॉलेज काढले होते. त्याचेच विद्यापीठ करण्यासाठी चेंबरलेननी उतारवयात देणग्या गोळा केल्या. १९०० साली सनद मिळाली आणि पहिले कुलपती म्हणून त्यांचीच निवड झाली. विद्यापीठाच्या आवारातील घड्याळाच्या उंच मनोऱ्याला विद्यार्थी ‘ओल्ड जो’ म्हणतात. आज त्या शहरात दर दहांपैकी जवळजवळ तीन रहिवासी मुसलमान आहेत आणि त्यांची मुलेमुली त्या मनोऱ्याखालून वर्गाला जातात.