पऱ्हाटीचं पुढं काय होतं?

दिवसभर कोड लिहिणारा माणूस आज पऱ्हाटीवर का बोलतोय? तर शेवगावच्या आमच्या नानांमुळे. यंदा त्यांनी वेचणी संपल्यावर ट्रॅक्टरनं पऱ्हाटीचा भुगा करून रानातच गाडला आणि फोनवर विचारलं, "त्या बीटीचं इख जमिनीत राहतं का रं? तू बीटेक ना!" बीटेक आणि बीटीचा काडीचा संबंध नाही, पण प्रश्न पाठ सोडेना.

बीटी हा मुळात मातीतलाच जीवाणू. १९०१ साली जपानमध्ये इशिवातांना तो रेशीमअळ्या मारताना सापडला. अळी मारणारं प्रथिन बनवणारं त्याचं जनुक कपाशीत घातलं गेलं आणि २६ मार्च २००२ ला भारतात त्या कपाशीला परवानगी मिळाली. चर्चा झाली ती बोंडअळीची. मातीचं कोण बोललं?

न्यूयॉर्क विद्यापीठातले स्टॉट्झ्की बोलत होते. हे प्रथिन चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटतं, मग जीवाणूंना ते सहज खाता येत नाही आणि त्याचं विषारीपणही टिकतं, असं त्यांनी प्रयोगशाळेत दाखवलं. त्यातली एक चिकणमाती माँटमोरिलोनाइट. उन्हाळ्यात आपल्या काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात ना, त्या याच जातीच्या मातीमुळे. इथं मी सरसावून बसलो. २००५ मध्ये त्यांच्याच गटानं लिहिलं की बीटी पिकांचे अवशेष, कपाशीसकट, साध्या वाणांपेक्षा हळू कुजतात.

पण २००२ चा एक अभ्यास उलटं सांगतो. अमेरिकेत तीन ते सहा वर्षं बीटी कपाशी घेऊन अवशेष गाडलेल्या शेतांत हे प्रथिन सापडलंच नाही. त्यात मोन्सॅन्टोचे शास्त्रज्ञ होते, हेही सांगून ठेवतो. तरी शेतांवरच्या बहुतेक अभ्यासांत जीवाणूंमध्ये बीटीपेक्षा हंगाम, माती आणि पिकाच्या वयानं जास्त फरक पडलेला दिसतो.

गंमत म्हणजे आमच्या घरची पऱ्हाटी इतकी वर्षं मातीत गेलीच नव्हती. पानं, मुळं जायची. बाकी सगळी आजीच्या चुलीत. मग गॅस आला. २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं राज्यभर कपाशी खाल्ली. फरदड घेऊ नका, राहिलेल्या बोंडांत अळी दडून बसते, पऱ्हाटीची विल्हेवाट लावा, असा सल्ला मिळाला आणि भुगा करणारी यंत्रं गावात दिसू लागली. म्हणजे नानांचा प्रश्न आमच्या रानात आत्ता कुठं खरा झालाय.

मी त्यांना सांगितलं, पऱ्हाटी लाकडासारखी, तिच्यात नत्र कमी. ती कुजवताना जीवाणू मातीतलं नत्र ओढतात, मागचं पीक पिवळं पडू शकतं. बीटी असो वा देशी. शेणाचा काला शिंपडा, ओल ठेवा.

नाना म्हणाले, "ते मला ठावं हाय. मी इखाचं इचारलं."

"अमेरिकेच्या रानात नाही राहिलं, नाना."

"आन् आपल्या?"