सरकारचा गुन्हा कोण नोंदवणार? मुळशीची गोष्ट
(येडगाव येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळी, येडगावात बसून धरणाबद्दल वाईट बोलायचं म्हणजे जरा धाडसच. इथल्या उसाला, द्राक्षाला कुकडीचंच पाणी आहे. पण ज्या गावावरून शेजारच्या तालुक्याला नाव मिळालं ते जुनं आंबेगाव आज डिंभ्याच्या पाण्याखाली आहे, हेही आपल्याला ठाऊक आहे. त्याला आपण गुन्हा म्हणत नाही. का म्हणत नाही, हा आजचा विषय.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विल्यम चॅम्ब्लिस यांनी १९८८ साली गुन्हेशास्त्रज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष म्हणून केलेल्या भाषणात 'राज्यसंघटित गुन्हा' ही कल्पना मांडली. सरकारी माणसानं सरकारचं काम म्हणून केलेली, पण कायद्यानंच गुन्हा ठरवलेली कृती, ही त्यांची व्याख्या. साधी आहे, आणि तिथंच अडते. कायदा करणार सरकार! मग ते स्वतःला गुन्हेगार कशाला ठरवेल? म्हणून पेनी ग्रीन आणि टोनी वॉर्ड यांनी २००४ च्या पुस्तकात कायद्याऐवजी मानवी हक्कांचा भंग ही कसोटी धरली. मला ती जास्त पटते.

आता मुळशी बघा. टाटांच्या वीज कंपनीला मुळा-निळेच्या संगमावर धरण हवं होतं. मावळ्यांच्या शेतात चाचणीचे चर खणले गेले ते जमीन संपादन होण्याआधीच. नंतर सरकारनं १८९४ चा भूसंपादन कायदा लावला. खाजगी कंपनीचं काम 'सार्वजनिक' ठरलं. एप्रिल १९२१ मध्ये रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट, विनायकराव भुस्कुटे पुढे होते. बापटांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्यानं दिली. १९२४ साली त्यांनी धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडवली आणि सात वर्षांची शिक्षा भोगली.

आता चॅम्ब्लिसची व्याख्या लावा. परवानगीशिवाय चर खणले, तो भाग कदाचित गुन्ह्यात बसेल. पण खणणारी कंपनी, सरकार नव्हे. पुढचं संपादन कायदेशीर. म्हणजे कागदोपत्री गुन्हेगार एकटे बापट!

हे अभ्यासायचं कसं? पोलिसांच्या आकडेवारीत हे सापडत नाही. राजेंद्र व्होरांनी मुळशीवर पुस्तक लिहिलं, ते चाळा. व्होरा एक अवघड गोष्टही दाखवतात: पुण्यातल्या काही सावकारांचे हितसंबंध त्याच जमिनींत गुंतले होते. नुकसानभरपाईचा प्रश्न आला की कसणारा आणि मालक यांची वाट वेगळी होते. पीडित एकजिनसी नसतो, हे समाजशास्त्रानं विसरू नये.

डिंभे, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि हे आपलं येडगाव, या पाच धरणांच्या नोटिसा, भरपाईच्या पावत्या, जुने सातबारे अजून कुणाच्या पेटीत असतील. आज येताना कुणी आणले असतील तर चहाच्या वेळी दाखवा. आणि घरी आजी असेल तर तिला विचारा, उठताना बरोबर काय घेतलं होतं.