लिनक्स डेस्कटॉपवर विंडोच्या सावल्या विचित्र दिसतायत? ड्रायव्हरला हात लावण्याआधी हे बघा

जुना लॅपटॉप परत वापरात आणायचा म्हणून बरेच जण त्यावर एक्सएफसीई डेस्कटॉपवालं लिनक्स टाकतात. मग खाली प्लँक नावाचा छानसा डॉक लावतात, आणि डॉकच्या वर एक आडवी काळपट रेघ उमटते. वॉलपेपर बदला, थीम बदला, ती काही जात नाही. मग कोणी ग्राफिक्स ड्रायव्हर काढून परत टाकतं, कोणी सगळी सिस्टिमच नव्याने इन्स्टॉल करतं. खरं तर एक टिक काढली की काम होतं.

सावली नक्की काढतं कोण?

अँड्रॉइड फोनमध्ये हा प्रश्न सहसा येतच नाही. कार्डाखालची किंवा बटणाखालची सावली ॲप स्वतःच काढतं. सगळ्या ॲपची चित्रं एकावर एक रचून स्क्रीनवर पाठवायचं काम सर्फेसफ्लिंगर नावाचा भाग करतो. कामाची वाटणी ठरलेली असते.

लिनक्समध्ये, विशेषतः जुन्या एक्स११ पद्धतीत, वाटणी इतकी स्पष्ट नाहीये. विंडो मॅनेजर विंडोची जागा आणि चौकट सांभाळतो. कंपोझिटर त्या विंडो एकावर एक रचतो आणि पारदर्शकपणा व सावली देतो. एक्सएफसीईमध्ये दोन्ही कामं एक्सएफडब्ल्यूएम४ हाच प्रोग्रॅम करतो. ओपनबॉक्स किंवा आयथ्री वापरत असाल तर कंपोझिटर वेगळा लावावा लागतो, बहुतेक लोक पिकॉम लावतात. (पिकॉम म्हणजे २०१९ मध्ये कॉम्प्टनपासून फुटून निघालेला प्रोजेक्ट. त्यामुळे इंटरनेटवर कॉम्प्टनच्या नावाने सापडणारे जुने उपाय अजूनही बऱ्यापैकी चालतात.)

गोंधळ होतो तो असा: कंपोझिटरला विंडो म्हणजे एक चौकोन दिसतो, आणि तो त्या चौकोनाला सावली देतो. पण प्लँकची खरी विंडो दिसणाऱ्या डॉकपेक्षा मोठी असते, उरलेला भाग पारदर्शक असतो. सावली त्या न दिसणाऱ्या कडेला पडते. ती रेघ म्हणजे हीच सावली.

दुसरा प्रकार जीटीके वापरणाऱ्या ॲप्सचा. ज्यांची टायटल पट्टी आणि बटणं एकत्र असतात, अशी ॲप्स स्वतःची सावली स्वतःच काढतात आणि त्यासाठी विंडोभोवती पारदर्शक जागा सोडतात. कंपोझिटरने याची दखल घेतली नाही, तर तो त्या जागेच्या बाहेरून आणखी एक सावली लावतो. मग विंडो, मधे मोकळी फट आणि बाहेर काळी चौकट असं विचित्र दृश्य दिसतं.

आधी दोन चाचण्या

कंपोझिटर थोडा वेळ बंद करा. गडबड गेली तर दोष तिथेच आहे. (बंद असताना प्लँकमागे काळा पट्टा दिसेल, त्याने घाबरू नका. पारदर्शकपणाच गेलेला असतो.) मग कंपोझिटर चालू करून स्क्रीनशॉट काढा. स्क्रीनशॉटमध्येही गडबड दिसली तर चित्र रचतानाच चूक होतेय. स्क्रीनवर दिसतेय पण स्क्रीनशॉटमध्ये नाही, तर मात्र ड्रायव्हरवर संशय घ्यायला जागा आहे.

एक्सएफसीईवाल्यांसाठी

सेटिंग्जमध्ये ‘विंडो मॅनेजर ट्वीक्स’ उघडा, शेवटच्या ‘कंपोझिटर’ टॅबवर जा आणि ‘शो शॅडोज अंडर डॉक विंडोज’ची टिक काढा. रेघ लगेच जाते. वरच्या पॅनेलची सावलीही जाईल, कारण पॅनेलसुद्धा डॉक प्रकारातच मोडतं. मेनू आणि टूलटिपभोवती घाण दिसत असेल तर तिथलीच पॉपअप विंडोजची टिक काढा.

पिकॉमवाल्यांसाठी

इथे जरा जास्त हात घालावा लागतो, पण ताबाही जास्त मिळतो. कॉन्फिग फाइलमध्ये ‘शॅडो-एक्सक्लूड’ नावाची यादी असते. तिच्यात ज्या विंडोचं नाव किंवा क्लास लिहाल, तिला सावली मिळत नाही. (फाइलमध्ये सगळं इंग्रजी अक्षरांतच टाइप करायचं.) जीटीके ॲप्सच्या दुहेरी सावलीसाठी यादीत ‘जीटीके फ्रेम एक्स्टेंट्स’ ही ओळ हवी: सगळी कॅपिटल अक्षरं, सुरुवातीला आणि शब्दांमध्ये अंडरस्कोर, शेवटी ॲटचं चिन्ह. पिकॉमच्या नमुना फाइलमध्ये ती तयार मिळते, तिथून उचललेली बरी.

ऑनलाइन प्रेझेंटेशन देणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच करून ठेवावी. झूमवर स्क्रीन शेअर केली की ते पूर्ण स्क्रीनवर एक पारदर्शक चौकट टाकतं. पिकॉम तिलाही सावली देतो आणि अख्खी स्क्रीन काळवंडते, तेही नेमकं सगळे बघत असताना! त्या विंडोचं नाव ‘सीपीटी फ्रेम’ने सुरू होतं. ते यादीत टाका.

कुठल्याही विंडोचा क्लास माहीत नसेल तर टर्मिनलमध्ये एक्सप्रॉप चालवा. कर्सरचा क्रॉस होईल, त्या विंडोवर क्लिक करा, सगळी माहिती छापून येते. आणि पिकॉमच्या १२व्या आवृत्तीपासून ‘रूल्स’ नावाची नवी पद्धत आलीय. ती वापरलीत तर शॅडो-एक्सक्लूडकडे पिकॉम बघतच नाही. दोन्ही एकाच फाइलमध्ये ठेवून डोकं खाजवत बसू नका.

विंडो सरकवली आणि मागे सावलीचे डाग उरले तर?

हा मामला वेगळा. वीज आणि वेळ वाचवायला कंपोझिटर फक्त बदललेला भाग नव्याने रंगवतो. हिशोब चुकला की विंडोबाहेरच्या सावलीचा तुकडा तसाच राहतो. पिकॉममध्ये ‘यूज-डॅमेज’ फॉल्स केलं की दरवेळी पूर्ण स्क्रीन रंगवली जाते आणि डाग जातात. पण बॅटरी जास्त खाल्ली जाते, म्हणून आधी ‘बॅकएंड’ जीएलएक्सवरून एक्सरेंडरवर (किंवा उलट) करून बघा.

पिकॉम एक्सएफसीईवर लावायचा असेल तर आधी एक्सएफसीईचा कंपोझिटर बंद करा. एका वेळी एकच चालतो. आणि लॉगिन करताना वेलँड सेशन निवडलं असेल, तर पिकॉमचा उपयोगच नाही. तिथे केडीई किंवा ग्नोम जो डेस्कटॉप असेल तोच कंपोझिटर असतो, आणि सेटिंग्जही त्याच्याच शोधाव्या लागतात.