रग्बी शाळेचें १८४५ चें नियमपुस्तक : विद्यार्थ्यांच्या एका कागदाचा विचार

जुनीं दप्तरें धुंडाळणाऱ्यांच्या हातीं महजर, निवाडपत्रें, ताळेबंद असे नाना प्रकारचे कागद येतात. परंतु ते बहुधा सारे थोरांच्या व्यवहारांतून निर्माण झालेले असतात. मुलांनींच आपल्या वादांचा निकाल लावण्यासाठीं लिहिलेला कागद क्वचित् आढळतो, व आढळला तरी तो खेळाचा म्हणून रद्दींत जातो. अशा एका कागदाकडे वाचकांचें लक्ष वेधावें असें आम्हांस वाटतें. तो आपल्या देशांतला नाहीं. तथापि शालेय सामन्यांतून शिक्षण कसें साधतें व त्याचा पुरावा कसा उरतो, या दोन्ही गोष्टी त्यावरून स्पष्ट होतात.

इंग्लंडांतील वॉरिकशायर परगण्यांत रग्बी येथें एक जुनी शाळा आहे. डॉ. थॉमस आर्नल्ड हे इ. स. १८२८ पासून १८४२ पर्यंत तिचे मुख्याध्यापक होते. त्यांच्या अमदानींत शाळेच्या शिस्तीचा मोठा भाग सहाव्या म्हणजे सर्वांत वरच्या वर्गाकडे सोपविलेला असे. मैदानावरील सत्ताहि याच वर्गाची. चेंडूच्या सामन्यांचे नियम मात्र कोठें लिहिलेले नव्हते. ते तोंडोतोंडीं चालत. चेंडू हातांत घेऊन धावावें कीं नाहीं, हा त्यांतील मोठा वादाचा विषय. इ. स. १८४१–४२ च्या हंगामांत विद्यार्थ्यांच्या सभेनें त्यास अनुज्ञा दिली, असें त्या काळीं तेथें शिकत असलेले ग्रंथकार थॉमस ह्यूज यांनीं पुढें सांगितलें आहे. परंतु तो ठरावहि तोंडीच होता.

इ. स. १८४५ च्या आगस्ट महिन्यांत वि. डे. आर्नल्ड, वॉ. वॉ. शर्ली व फ्रे. हचिन्स या तिघां विद्यार्थ्यांकडे नियम लिहून काढण्याचें काम आलें. त्यांनीं सदतीस नियमांचा मसुदा केला, तो ता. २८ आगस्ट रोजीं सहाव्या वर्गाच्या सभेनें संमत केला व नंतर तो छापून प्रसिद्ध झाला. दुसऱ्याच वर्षीं, १८४६ मध्यें, त्याची सुधारून नवी आवृत्ति निघाली.

या नियमांचें स्वरूप संशोधकांस परिचयाचें वाटेल. हा खेळाचा संपूर्ण कायदा नव्हे, वादग्रस्त मुद्यांवरचे हे निर्णय आहेत, अशा आशयाचा खुलासा प्रास्ताविकांतच केलेला आहे. म्हणजे शास्त्रग्रंथापेक्षां निवाडपत्राशींच याचें नातें अधिक जवळचें. टांचेनें किंवा गुडघ्याच्या वर लाथ मारूं नये. जोड्यांच्या तळांस वा टांचांस पुढें आलेले खिळे किंवा लोखंडी पट्ट्या नसाव्या. पांच दिवसांत निकाल न लागल्यास सामना बरोबरीचा समजावा, आणि एकहि गोल झाला नसल्यास तीन दिवसांनींच तसें समजावें, अशीं कलमें त्यांत आहेत. प्रत्येक कलमामागें कोणता तरी तंटा झाला असावा, हें अनुमान सहज निघतें. तंट्याचा अंतिम निकाल देण्याचा अधिकार दोन्ही पक्षांच्या नायकांस, किंवा त्यांनीं नेमलेल्या दोघां प्रतिनिधींस, दिलेला आहे. बाहेरचा पंच नाहीं. प्रसंगीं स्वपक्षाविरुद्ध निर्णय देण्याची पाळी नायकावर यावी, यांत केवढें शिक्षण आहे हें सांगावयास नको.

मसुदा करणारांपैकीं दोघांचें पुढील चरित्र लक्षांत घेण्यासारखें आहे. शर्ली हे पुढें ऑक्सफर्ड येथें धर्मसंस्थेच्या इतिहासाचे प्राध्यापक झाले. विक्लिफच्या पंथासंबंधींच्या जुन्या लॅटिन कागदांचा संग्रह त्यांनीं हस्तलिखितावरून संपादून १८५८ मध्यें प्रसिद्ध केला, व १८६५ मध्यें विक्लिफच्या ग्रंथांची यादी सिद्ध केली. आर्नल्ड हे उपरिनिर्दिष्ट मुख्याध्यापकांचे चिरंजीव. ते हिंदुस्थानांत येऊन पंजाबच्या शिक्षणखात्याचे पहिले प्रमुख झाले, व १८५९ मध्यें स्वदेशीं परत जात असतां जिब्राल्टर येथें वारले. नियम लिहिल्यामुळेंच एक संपादक व दुसरा शिक्षणाधिकारी झाला, असा कार्यकारणभाव आम्ही लावीत नाहीं. परंतु शब्द तोलून लिहिणें, परंपरेनें चालत आलेली गोष्ट व नवा ठराव यांत भेद करणें, आणि आपलें लिखाण सभेपुढें मांडून संमत करून घेणें, हा अभ्यास या मुलांनीं सतराव्या वर्षाच्या सुमारास मैदानाच्या निमित्तानें केला, एवढें निश्चित.

चित्राची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. नियम करणारे वरच्या वर्गाचे होते. लहान मुलांस गोलाच्या राखणीस सक्तीनें उभें केलें जाई. त्यांस सभेंत मत नव्हतें. या शिक्षणाचा लाभ सर्वांस सारखा मिळाला असें म्हणतां येत नाहीं.

आतां न लिहिलेल्या गोष्टींचें काय होतें तें पाहूं. विल्यम वेब एलिस नामक विद्यार्थ्यानें प्रथम चेंडू हातांत घेऊन धांव घेतली, ही कथा आज जगभर प्रसिद्ध आहे. तिचा मूळ आधार मॅथ्यू ब्लॉक्सम यांचा. हे गृहस्थ पुराणवस्तुज्ञ व प्राचीन चर्चशिल्पावरील मान्य ग्रंथकार. परंतु ती घटना घडली म्हणतात त्यापूर्वींच ते शाळा सोडून गेले होते. त्यांनीं १८७६ मध्यें शाळेच्या नियतकालिकांत ही हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हां एलिस वारून चार वर्षें झालीं होतीं. प्रथम त्यांनीं १८२४ हें वर्ष दिलें. १८८० मध्यें तें बदलून १८२३ केलें. माजी विद्यार्थ्यांच्या मंडळानें १८९५ मध्यें चौकशी समिति नेमली, तेव्हां १८३४ मध्यें शाळेंत आलेल्या ह्यूज यांनीं आपल्या वेळीं ही कथा प्रचलित नव्हती असें कळविलें. तरीहि समितीनें १८९७ च्या अहवालांत कथेस अनुकूल मत दिलें, आणि १९०० मध्यें तिचा शिलालेख शाळेंत बसला. शिला पक्की आहे. आधार मात्र ऐकीव! एका विद्वान् पुराणवस्तुज्ञाच्या ऐकीव हकीकतीपेक्षां तिघां मुलांचें मितीवार टिपण इतिहासास अधिक उपयोगी पडतें, हा यांतील बोध आहे.

आपल्याकडे द. चिं. मजुमदार यांनीं बडोद्याहून संपादिलेल्या 'व्यायाम ज्ञानकोशा'च्या दहा खंडांनीं (१९३६–१९४९) देशी खेळांची विपुल माहिती ग्रंथनिविष्ट केली. परंतु गांवोगांवच्या शाळांतील खोखो, हुतुतू, आट्यापाट्या यांच्या सामन्यांचे मूळ कागद ज्ञानकोशाची जागा घेत नाहींत, तसा ज्ञानकोशहि त्यांची जागा घेऊं शकत नाहीं. म्हणून आमची सूचना दुहेरी आहे. शिक्षकांनीं सामन्यांतील गुणलेखन, वादाचे निर्णय व नियमांतील बदल मुलांकडूनच मितीवार लिहवून घ्यावे व त्यांवर दोन्ही नायकांच्या सह्या घ्याव्या. भाषा, गणित व न्याय हे तिन्ही विषय त्यांत आपोआप येतात. आणि संग्राहकांनीं जुन्या शाळांच्या कपाटांतून असे तक्ते, वह्या, हस्तलिखित मासिकें दिसतील तेव्हां तीं पोथ्यांच्याच बस्त्यांत बांधून ठेवावीं. पन्नास वर्षांनंतरच्या समितीस शिलालेखावर विसंबण्याची वेळ येऊं नये, एवढीच आमची इच्छा आहे.