बॅक आउट
इंग्रजीतील फ्रेझल व्हर्ब, म्हणजे क्रियापद आणि अव्यय मिळून झालेले जोडक्रियापद. मूळ अर्थ मागे सरकत बाहेर पडणे. गॅरेजमधून गाडी उलटी काढण्याला आजही हेच शब्द वापरतात. रूढ अर्थ मात्र दिलेला शब्द, करार किंवा ठरलेला बेत तडीस जाण्याआधी सोडून देणे. कशातून माघार, हे सांगायचे तर पुढे ‘ऑफ’ लागते: ‘बॅक आउट ऑफ द डील’.

एप्रिल २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी सुमारे ४४ अब्ज डॉलरना ट्विटर घेण्याचा करार केला आणि जुलैत तो मोडत असल्याचे कळवले. त्या माघारीला इंग्रजीत हेच क्रियापद शोभते. करार पाळला जावा म्हणून ट्विटर अमेरिकेतील डेलावेअर राज्याच्या न्यायालयात गेले. अखेर ऑक्टोबरमध्ये मस्क यांची खरेदी पूर्ण झाली.

‘बॅक डाउन’ म्हणजे वादात नमते घेणे. तिथे आधी शब्द दिलेला असावा लागत नाही. ‘पुल आउट’ बरेचसे तटस्थ, सैन्य मागे घेण्यालाही चालते. ‘बॅक आउट’मध्ये समोरचा विसंबून होता, ही बोच असते. म्हणून नुसते ‘माघार घेणे’ अपुरे आणि ‘शब्द फिरवणे’ फार कठोर. ‘ऐनवेळी अंग काढून घेणे’ हा मराठी पर्याय सर्वांत जवळचा.