फोटोमागची चिठ्ठी

वरूडमध्ये पक्ष्यांचे फोटो काढायला फार लांब जावं लागत नाही. संत्र्याच्या बागेच्या धुऱ्यावर एखादं जुनं निंबाचं झाड असलं, की त्याच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी बरेचदा सापडते. माझ्या फोनमध्ये सगळ्यात जास्त फोटो त्याचेच आहेत. याच साध्या पिंगळ्याच्या एका फोटोनं कधीकाळी मोठ्या पक्षीतज्ज्ञाला चकवलं होतं. ती गोष्ट आपल्या मेळघाटापर्यंत येते, म्हणून सांगतो.

पिंगळ्याचा एक भाऊबंद आहे, रानपिंगळा. डिसेंबर १८७२ मध्ये ब्लूइट यांना तो आजच्या छत्तीसगडमधल्या बसना भागात मिळाला. पुढच्याच वर्षी ॲलन ह्यूम यांनी त्याची नवी जात म्हणून नोंद केली. काँग्रेसच्या स्थापनेतले ह्यूम ते हेच. त्या काळी पक्षी नोंदवायचा म्हणजे बंदुकीनं मारायचा, कातडं भरून ठेवायचं आणि पायाला चिठ्ठी बांधायची: कुठे, कधी, कोणी. १८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशातून आणखी काही रानपिंगळे मिळवले. १८८४ नंतर मात्र पक्षी गायब झाला. संग्रहालयांत उरली ती फक्त सात कातडी.

मग दोन पुरावे पुढे आले. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश कर्नलनं दावा केला, की आपण १९१४ मध्ये गुजरातेत तापीकाठच्या मांडवीला रानपिंगळा मारला. आणि १९६८ मध्ये नागपूरकडे काढलेला एक फोटो रानपिंगळ्याचा म्हणून १९७६ मध्ये छापून आला. तो मान्य करणारे डिलन रिप्ली हे सालिम अलींचे सहलेखक, म्हणजे कोणी नवखे नव्हेत.

दोन्ही पुरावे खोटे निघाले. फोटोतला पक्षी होता आपला धुऱ्यावरचा पिंगळा. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठसठशीत असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्याचं, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. ती निदान चूक होती. कर्नलनं मात्र सरळ चोरी केली होती. डेव्हिडसन यांनीच मिळवलेलं एक कातडं उचलून त्यानं ते उसवलं, पुन्हा भरलं आणि त्यावर स्वतःच्या नावाची चिठ्ठी लावली. अमेरिकेच्या पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघडकीला आणली.

त्यांनी मांडवी यादीतून काढून टाकली आणि खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणं धरली. बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्यासोबत त्या आधी छत्तीसगडच्या भागात फिरल्या, मग खानदेशात आल्या. २५ नोव्हेंबर १९९७ ला शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा समोर बसला होता. ११३ वर्षांनी! या वेळी बंदूक लागली नाही. फोटो आणि व्हिडिओ पुरले. पुढच्या काही वर्षांत तो मेळघाटातही सापडला, म्हणजे आपल्याच अमरावती जिल्ह्यात, आपल्याच सातपुड्यात.

मला यातली डेव्हिडसन यांची चिठ्ठी सगळ्यात मोलाची वाटते. त्यांनी खरं ठिकाण लिहिलं म्हणून शतकानंतर कोणाला तरी नेमकं कुठे शोधायचं ते कळलं. आज ही चिठ्ठी फोन स्वतःच लिहितो. लोकेशन चालू असेल तर तारीख, वेळ, जागा सगळं फोटोतच साठवलं जातं. पण व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला की ही माहिती गळून पडते. चार ग्रुप फिरून आलेला सुंदर पक्षी महेंद्रीच्या जंगलातला की भरतपूरचा, कोण सांगणार?

म्हणून मूळ फोटो मी डिलीट करत नाही. वहीत गाव, झाड, तारीख आणि पक्षी काय करत होता हे लिहितो. ओळख पटली नसेल तर तसंच लिहितो. ढोलीत पिल्लं असतील, तर जागा वहीतच ठेवतो, ग्रुपवर टाकत नाही.