गुप्त ग्राहक : बहुथांबा फेरी

साध्या गिऱ्हाइकासारखे दुकानात, उपाहारगृहात, बँकेत किंवा पेट्रोलपंपावर जाऊन तिथल्या सेवेची ठरलेल्या मुद्द्यांवर पाहणी करणारा आणि तिचा अहवाल देणारा कंत्राटी माणूस म्हणजे गुप्त ग्राहक किंवा मिस्टरी शॉपर. अशा अनेक भेटी एकाच दिवशी एकाच वाटेवर उरकणे म्हणजे बहुथांबा फेरी. धंद्यात तिला नुसते ‘रूट’ म्हणतात. ही पद्धत अमेरिकेत रुजली. रोख हाताळणारे नोकर प्रामाणिक आहेत का, हे पाहणे हा तिचा सुरुवातीचा हेतू. ‘मिस्टरी शॉपिंग’ हे नाव १९४० च्या दशकात विलमार्क या कंपनीने रूढ केले, असे मानले जाते. पुढे रोख मोजण्यापेक्षा सेवा जोखण्याला महत्त्व आले.

फेरीची गरज हिशेबातून येते. अमेरिकेत गुप्त ग्राहक हा सहसा नोकर नसतो, स्वतंत्र कंत्राटदार असतो. गाडी त्याची, इंधन त्याचे, वेळही त्याचाच. धंद्यासाठी केलेल्या मोटारप्रवासाला तिथल्या प्राप्तिकर खात्याने २०२५ साठी मैलाला ७० सेंट हा दर ठरवला होता; त्यात इंधनाबरोबर गाडीची झीज आणि विमाही धरलेला असतो. समजा, १५ डॉलरच्या एका भेटीसाठी जाऊन-येऊन ४० मैल पडले, तर या दराने २८ डॉलर गाडीवरच गेले. तेच दुकान दुसऱ्या कामाच्या वाटेवर असेल, तर १५ डॉलर जवळजवळ पूर्ण सुटतात.

म्हणून मुरलेला माणूस जवळची कामे आधी उचलत नाही. भेटी वाटून देणाऱ्या शेड्युलरकडे महिनाअखेरीस आडगावची कामे पडून राहतात आणि त्यांवर बोनस चढतो. असे एखादे दूरचे काम आधी पक्के करायचे, त्या गावची आणखी दोन-तीन मिळतात का विचारायचे, आणि मग जाता-येता लागणारी किरकोळ कामे मधे बसवायची. एकगठ्ठा कामे घेणाऱ्याला मानधनाची घासाघीस करता येते. सुट्या भेटीला तेवढा जोर नसतो. मात्र घेतलेले काम वारंवार सोडले की नाव खराब होते, आणि त्याच दुकानात ठरावीक काळ पुन्हा जाता येत नाही. त्यामुळे दर महिन्याला तीच वाट कामी येत नाही.

थांब्यांचा क्रम हा वरवर गणिताचा प्रश्न दिसतो. घरून निघून दहा ठिकाणी जाऊन घरी परतायचे, तर उलटसुलट दिशा एकच धरूनही १८,१४,४०० फेऱ्या संभवतात. या जातीचा ४९ शहरांचा प्रश्न डँटझिग, फल्करसन आणि जॉन्सन यांनी १९५४ मध्ये सोडवून दाखवला. पण गुप्त ग्राहकाला इतके डोके चालवावे लागत नाही, कारण घड्याळच बहुतेक पर्याय छाटून टाकते. जेवणाच्या गर्दीतली भेट त्या दोन-अडीच तासांतच व्हावी लागते, बँक ठरल्या वेळी बंद होते, पंपाच्या फोटोंना उजेड हवा. वेळेच्या भेटी आधी रोवायच्या आणि बिनवेळेच्या त्यांच्या मधल्या फटींत घालायच्या. सर्वांत छोटी वाट सापडली आणि जेवणाची वेळ चुकली, तर ती भेट बाद.

भेटींची जातही मिसळावी लागते. पंपावरच्या कित्येक तपासण्या गुप्त नसतातच: अधिकारपत्र दाखवायचे, पंप, छताचे दिवे, स्वच्छतागृह यांचे फोटो काढायचे आणि निघायचे. इथे लक्षात ठेवण्याचे ओझे फार नसते. गाडीत बसूनच खिडकीतून खाणे घेण्याच्या ड्राइव्ह-थ्रूचे तसे नाही. ध्वनिक्षेपकापाशी गाडी थांबताच मांडीवरच्या फोनचे स्टॉपवॉच सुरू, पिशवी हाती येताच बंद. नावाची पट्टी वाचायची, पावतीवरची वेळ जुळते का पाहायची, पुढे गाडी उभी करून बटाट्याचे काप गरम असतानाच त्यांचा फोटो घ्यायचा. अशा चार भेटी लागोपाठ घेतल्या की तिसऱ्या खिडकीतला मुलगा दुसऱ्या खिडकीत जाऊन बसतो. शिवाय चार वेळा जेवायचे कोणी? खाण्याच्या भेटीनंतर पंप किंवा फोनचे दुकान घालणे पोटाला आणि आठवणीला, दोहोंना बरे.

फेरी बहुधा फसते ती अहवालांत. ते बारा ते चोवीस तासांत मागितले जातात. दिवसभरात दहा भेटी झाल्या तर रात्री दहा प्रश्नावल्या भरत बसावे लागते, आणि पावती नसली किंवा वेळा जुळल्या नाहीत तर मानधन नाही. पुढच्या थांब्याला निघण्यापूर्वी गाडीतच नावे, वेळा आणि ऐकलेली वाक्ये टिपून पावतीचा फोटो काढणे, हे दहा मिनिटांचे काम म्हणूनच प्रवासाच्या वेळेत धरावे. तासाची खरी कमाई काढताना हा वेळही भाजकात येतो. तो वगळून केलेल्या बढाया या धंद्यात पुष्कळ ऐकू येतात.

फसवणूकही या क्षेत्रात जुनी आहे. आधी धनादेश पाठवून त्यातली काही रक्कम दुसरीकडे वळवायला किंवा गिफ्ट कार्डे घ्यायला सांगणाऱ्या ‘कामां’विरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने वारंवार इशारे दिले आहेत: धनादेश खोटा ठरतो आणि पैसे खिशातून जातात.

भारतातही अशा भेटी होतात. शोरूम, मॉल, बँका, पंप ही त्यांची नेहमीची ठिकाणे. मुंबईत मात्र अमेरिकी धाटणीची मोटारफेरी परवडणे कठीण. तिथे एका लोहमार्गावरची स्थानके धरून लोकलने आणि पायी फिरणे सोयीचे, तर पुण्यात दुचाकी. पावसाळ्यात भिजलेली पावती वाचता आली पाहिजे, एवढी जादा काळजी दोन्हीकडे.